उंबरठ्यापर्यंत आलेली शाळा

‘लेकराचं ऑनलाइन चालू आहे, जरा हळू बोला,’ हे वाक्य २०२० सालच्या जून महिन्यापूर्वी आमच्या गल्लीत कोणी उच्चारले असते, तर ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागला नसता. आणि त्याच वर्षीची दिवाळी येईपर्यंत ते इतके रुळले होते की, दारावर आलेल्या भाजीवाल्याला आपली आरोळी आवरती घ्यायला तेवढे पुरत असे. ज्या शब्दाचा मूळचा दर्जा विशेषणाचा, त्याला आमच्या आयाबायांनी नाम करून टाकले. स्वयंपाक चालू आहे, पूजा चालू आहे, तसे ऑनलाइन चालू आहे. भाषाशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या काही मित्रांनी ‘आंतरजालीय अध्यापन’ असा प्रतिशब्द चालवून पाहिला, आणि मीही एकदोन अर्जांत तो निष्ठेने वापरला. परंतु जो शब्द एकदा चुलीपर्यंत पोचला, त्याला तेथून हुसकावून लावणे आजवर कोणत्याही परिपत्रकाला साधलेले नाही. सबब या प्रस्तावनेतही मी तोच शब्द वापरणार आहे.

पुढील पृष्ठांत जी टिपणे एकत्र केली आहेत, ती या (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातील आणि शेजारच्या जालना व बीड जिल्ह्यांतील शिक्षकांनी लिहिलेली आहेत. त्यांतील बहुतेक जण जिल्हा परिषदेच्या शाळांतले, काही महाविद्यालयांतले; कोणी कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यातला, कोणी गोदाकाठचा. त्यांनी प्रस्तावनेसाठी मजसारख्या इतिहासाच्या निवृत्त अध्यापकाकडे यावे याचे प्रथम मला नवल वाटले, कारण यंत्राविषयीचा माझा व्यासंग शून्य आहे आणि माझा मोबाइल अद्यापि शेजारचा मुलगा ‘अपडेट’ करून देतो. पण त्यांचे म्हणणे असे की, ही गोष्ट यंत्राची म्हणून पुष्कळांनी सांगितली, या मुलखाची म्हणून ती कोणी सांगितलेली नाही. हे म्हणणे मला पटले, म्हणून लेखणी हाती घेतली.

माझा स्वतःचा अनुभव तोकडा आहे, पण तो येथे नोंदवल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सेवानिवृत्तीला आठ महिने उरले असताना, आयुष्यभर फळ्याकडे पाठ करून मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहत बोललेला मी, एका काळ्या पडद्यावरील चाळीस काळ्या चौकोनांपुढे बोलू लागलो, आणि दर पाच मिनिटांनी ‘आवाज येतोय का?’ असे विचारू लागलो. या प्रश्नाला उत्तर आले तर आवाज येतो आहे हे कळे, न आले तर काहीच कळत नसे. एके दिवशी मलिक अंबराने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, पाणी आणण्यासाठी बांधलेल्या नहरीविषयी मी सांगत असता, एकाने चुकून आपला आवाज उघडा ठेवला आणि कसलीशी अखंड फुसफुस सगळ्या वर्गाला ऐकू येऊ लागली. मी जरा चिडूनच विचारले, ‘काय चाललंय तिकडे?’ ‘सर, कपाशीवर फवारा मारतोय. पण कानात लावलंय तुमचं, तुम्ही सांगा.’ मी सांगत राहिलो. तास संपताना त्याच मुलाने विचारले, ‘सर, जमिनीखालून पाणी आणलं म्हणता, मग त्या नळातला गाळ कसा काढायचे?’ एकतीस वर्षांच्या अध्यापनात, बाकावर बसलेल्या एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न मला विचारला नव्हता; आणि उत्तरादाखल नहरीवर ठिकठिकाणी ठेवलेल्या उच्छ्वासांची जी माहिती मी सांगितली, तीही मला त्या रात्री पुस्तक काढून पक्की करावी लागली. या माध्यमाची निंदा करण्याची वेळ येते तेव्हा मला हा फवारा आठवतो, आणि स्तुती करण्याची वेळ येते तेव्हा ते एकोणचाळीस काळे चौकोन आठवतात.

आता मुलखाविषयी. विद्या दुरून येते, परक्या भाषेतून येते, आणि ती आणून देणारा कोणी तरी मध्यस्थ लागतो, या तीन गोष्टींची मराठवाड्याला जितकी जुनी सवय आहे, तितकी महाराष्ट्राच्या अन्य कोणत्याही भागाला नसेल. पुण्या-मुंबईत मराठी आणि इंग्रजी यांचा वाद रंगत होता, त्या काळात औरंगाबादचा सुभा निजामाच्या अमलाखाली होता. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, ते उर्दूला उच्च शिक्षणाचे माध्यम करूनच. त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या दारुल-तर्जुमा या भाषांतर-खात्याने रसायनापासून कायद्यापर्यंत सर्व शास्त्रे उर्दूत उतरविण्याचे प्रचंड काम हाती घेतले, आणि त्या उद्योगाशी ज्यांचे नाव कायमचे निगडित झाले ते मौलवी अब्दुल हक हे आमच्या याच शहरात सदर मोहतमीम तालीमात, म्हणजे शिक्षणखात्याचे वरिष्ठ अधिकारी, आणि पुढे येथील उस्मानिया कॉलेजचे प्राचार्य होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे दफ्तरही दीर्घकाळ येथेच होते. एका भारतीय भाषेला विद्यापीठाच्या सिंहासनावर बसविण्याचा हा प्रयोग आपल्या परीने थोर होता, हे मान्य करण्यास मला संकोच वाटत नाही. परंतु ज्या पोराची माय जात्यावर मराठी ओव्या म्हणत होती, त्याला माध्यमिक शाळेत पाऊल ठेवताच बहुतांशी उर्दूतून शिकावे लागे, ही त्या थोरवीची दुसरी बाजू होय.

माझे वडील त्या शाळेत शिकले. पुढे सबंध आयुष्य त्यांनी मराठीत काढले, मराठीत नोकरी केली, मराठी वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर मराठीत वाद घातले. पण हिशेब करू लागले की त्यांच्या ओठांवर जमा, तफरीक, जरब, तकसीम हेच शब्द येत. बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार हे शब्द त्यांना ठाऊक होते, पण त्या शब्दांनी त्यांचा हिशेब होत नसे. बीजगणितातले उदाहरण मला समजावून सांगताना ते ‘फर्ज करो’ म्हणून सुरुवात करीत. मग स्वतःशीच हसून म्हणत, ‘म्हणजे, समजा.’ तेव्हापासून माझ्या मनात एक गंमत घर करून राहिली आहे: गृहीत धरणे आणि आकलन होणे या दोन्ही क्रियांना मराठीत ‘समजा’ हे एकच रूप चालते, आणि गणिताच्या मास्तरांचे निम्मे काम हा शब्दच करून टाकतो. या गमतीकडे मला पुढे परत यायचे आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तरी मराठवाड्यातील महाविद्यालयांचा हैदराबादशी असलेला संबंध लगेच सुटला नाही. मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते व्हायला २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस उजाडावा लागला. तत्पूर्वीच, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्यात झाले. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय चालवणाऱ्या बाबासाहेबांनी, जेथे रस्ते नाहीत, वीज बेताची आणि पाण्याची ओरड बारमाही, अशा मागास मुलखात उजाड माळ निवडून तेथे नागसेनवन उभे केले, यातील दृष्टी आजच्या चर्चेत मला फार मोलाची वाटते. परभणी-नांदेडकडची खेड्यांतली मुले तेथे ट्रंक आणि वळकटी घेऊन आली, आणि वसतिगृहात राहिली. त्यांच्या बाबतीत जे घडले त्यातील व्याख्यानांचा वाटा किती आणि खानावळीच्या रांगेतल्या बोलण्याचा, ग्रंथालयातील दिव्याचा, प्राचार्य म. भि. चिटणिसांसारख्या माणसाच्या नित्य सहवासाचा वाटा किती, याची वाटणी आज करता येणार नाही. परंतु ज्या परिसरातून पुढे गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले, तो परिसर केवळ अभ्यासक्रम पोचविल्याने निर्माण झाला नसता एवढे निश्चित म्हणता येते. गावकुसाबाहेरच्या मुलाला गावाबाहेर काढणे हाच तेथे शिक्षणाचा पहिला धडा होता. ऑनलाइन शिक्षण नेमके याच्या उलट वचन देते: तुला कोठे जावे लागणार नाही. हे वचन कोणाला वरदान ठरते आणि कोणाला पुन्हा त्याच भिंतींत कोंडते, हा या संग्रहातील टिपणांमागे उभा असलेला खरा प्रश्न आहे.

दूर राहून शिकण्याची कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम १९६२ सालीच सुरू केले होते. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर, अमेरिकेच्या उसन्या उपग्रहाच्या साह्याने, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे धडे उतरविण्याचा ‘साइट’ नावाचा जो प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. मात्र गुलबर्गा आणि रायचूर होते, म्हणजे निजामी अमलात आमच्याच पंक्तीला बसलेले दोन जिल्हे. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री शाळेच्या आवारात उभारावयाची, सायंकाळी संच बाहेर काढावयाचा आणि सगळ्या गावाने त्याच्यापुढे बसावयाचे, अशी ती योजना होती. त्या संचाची किल्ली गावात कोणाकडे तरी असे. आणि तो किल्लीवाला परगावी गेला की त्या दिवशी अवकाशातून आलेली विद्या कुलपाबाहेर थांबत असणार, याची कल्पना करायला इतिहासकार असण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. तिचे कार्यक्रम ज्यांनी बालपणी पाहिले ते आज चाळिशीत आहेत आणि तिच्या शीर्षकगीताची चाल आजही गुणगुणतात. ही संस्था २०१७ साली बंद करण्यात आली. तीन वर्षांनी सरकारला दूरचित्रवाणीवरून पाठ देण्याची निकड भासली, तेव्हा २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केली होती आणि चांगली होती. पण विहीर बुजवून तीन वर्षांनी तहान लागावी, असला योग आमच्या प्रशासनाच्या कुंडलीत वारंवार का येतो, याचे उत्तर मला कोणत्याही दफ्तरात सापडलेले नाही.

या सर्व प्रयत्नांत ज्याचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते, तो म्हणजे १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी त्याची घडी बसवली, ती ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदाने. परंतु गंगा घरोघरी नेण्याची भाषा करणाऱ्या या विद्यापीठाने घाट मात्र गावोगावी बांधले, ही त्यातील मर्माची गोष्ट आहे. त्यास अभ्यासकेंद्र म्हणतात. तेथे रविवारी संपर्कसत्र भरे, आणि शिकवणाऱ्याला शिक्षक न म्हणता ‘समंत्रक’ म्हणत. मी काही वर्षे अशा एका केंद्रावर समंत्रक होतो. दहावी-बारावीचा उंबरठा न ओलांडलेल्यांनाही ‘पूर्वतयारी’चा अभ्यासक्रम पुरा करून पदवीकडे जाण्याची मुभा असल्याने, माझ्यासमोर एस.टी.चे वाहक, पोलीस शिपाई, अंगणवाडीच्या ताई, आणि सातवीत लग्न होऊन सासरी आलेल्या, आता मुलगी दहावीत असलेल्या गृहिणी एका बाकावर बसत. पुस्तके त्यांनी घरी वाचलेली असत, आणि पुस्तकेही अशी रचलेली की ती वाचकाशी बोलत. मग रविवारी ही मंडळी कशासाठी येत? मी एकदा एका बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘सर, घरी वाचलं की ते घरातलं काम होतं. इथं आलं की शिक्षण होतं.’

प्रौढ माणूस शिकतो तेव्हा आपल्या इच्छेचे इंधन तो स्वतः घेऊन येतो. त्याला वाट तेवढी हवी असते. अशा माणसाला ऑनलाइनने जी वाट मोकळी करून दिली आहे, ती पाहून माझ्यासारख्या जुन्या समंत्रकाला आनंदच होतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओचे आगमन झाले आणि नेटपॅकचे भाव कोसळले. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे दोन मंच सुरू झाले. आणि वाळूजच्या कारखान्यातला फिटर जेवणाच्या सुट्टीत आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान पाहू लागला, हे दृश्य आमच्या पिढीच्या कल्पनेपलीकडचे होते. त्याच सुमारास आपल्या पाठ्यपुस्तकांच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे क्यूआर कोड छापले जाऊ लागले. त्या कल्पनेशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि खेड्यातला मास्तर जगाच्या व्यासपीठावर गेल्याचा अभिमान सर्वांना वाटला.

बालकाची गोष्ट मात्र निराळी आहे. आणि २०२० च्या मार्चात महाराष्ट्रातील शाळांना कुलपे लागली, तेव्हा प्रौढांसाठी जी सोय होती तीच एका रात्रीत बालकांवर सक्ती म्हणून आली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने २०१७-१८ साली नोंदविले होते की, देशाच्या ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी अवघ्या पंधरांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक पाचांकडेही नव्हता. असर अहवालाप्रमाणे ग्रामीण विद्यार्थ्यांच्या घरांतील स्मार्टफोनचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले; या एका आकड्यात किती घरांनी शेळी विकली, किती जणांनी हप्ते बांधून घेतले, आणि आमच्या पैठणगेटच्या दुकानांतून किती वापरलेले फोन खेड्यांत गेले, याचा तपशील येत नाही. शिवाय घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन पृथक गोष्टी आहेत. ते पृथक्त्व मला एका वहीने शिकवले.

आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हा सहावीत होती. घर मुकुंदवाडीकडे, वडील वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. घरात स्मार्टफोन एक, आणि ठेकेदाराचा फोन कधी येईल याचा नेम नसल्याने तो वडिलांच्या खिशात. शाळा पुढे उघडल्यावर ती मुलगी गणिताचे काही अडलेले विचारायला माझ्याकडे आली, तेव्हा तिची लॉकडाऊनमधली वही मी चाळली. प्रत्येक पानाच्या समासात तारखेखाली एक अक्षर लिहिले होते: कोठे ‘फ’, कोठे ‘से’, कोठे ‘थ’. मला वाटले काही सांकेतिक खूण असावी. ती म्हणाली, ‘आजोबा, ते फर्स्ट, सेकंड, थर्ड. पप्पांची शिफ्ट.’ मग तिने उलगडून सांगितले. पप्पांना थर्ड असली की आठवडा चांगला, कारण ते सकाळी येऊन झोपत आणि उशीखालचा फोन हळूच काढून घेता येई. फर्स्ट असली की फोन दुपारी साडेचारनंतर. तोवर वर्ग संपलेला असे, पण ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पाहता येई. सेकंड असली की पप्पा रात्री साडेबाराला येत. आई तिला उठवी, आणि ती पांघरुणात बसून आवाज बारीक करून अपूर्णांकांचा भागाकार पाही. ‘से’च्या पानांवरचे अक्षर तिरपे आणि झोपाळू होते. मध्येच काही तारखांपुढे ‘ब’ होता आणि पान कोरे होते. ‘ब म्हणजे बंद. रिचार्ज संपलेलं.’

कारखान्याच्या पाळ्यांवर चालणारी शाळा इतिहासात यापूर्वी कोणी पाहिली असेल असे मला वाटत नाही. त्या वर्षीच्या कोणत्याही तक्त्यात ही मुलगी ‘स्मार्टफोन उपलब्ध’ याच रकान्यात पडली असणार, आणि तिच्या शिक्षकांनी तो रकाना खोटा भरला असेही कोणास म्हणता आले नसते. तक्त्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो की, या संग्रहातील जवळजवळ प्रत्येक शिक्षकाने एक तक्रार केली आहे: शिकवण्यापेक्षा शिकवल्याचे कळवण्यातच अधिक वेळ गेला. ‘माहिती आजच्या आज लिंकवर भरावी’ हा हुकूम, आणि लिंक उघडेपर्यंत तिची मुदत संपलेली. शाळा बंद होती. दफ्तर कधीच बंद पडले नाही.

आता ज्या उदाहरणासाठी मी ही प्रस्तावना लिहिण्यास मनापासून राजी झालो, त्याकडे वळतो. आमच्या शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेने मुलांना परदेशी भाषा शिकवायचे ठरवले आणि कोणती भाषा हवी ते मुलांनाच विचारले. मुलांनी जपानी मागितली. कारण त्यांना रोबो करायचे होते, आणि रोबो जपानात होतात हे त्यांना ठाऊक होते. जपानी येणारा माणूस गाडीवाटेत कोठून असणार? पण तो शहरात होता, आणि त्याने विनामूल्य शिकवण्याची तयारी दाखविली. २०२० च्या पावसाळ्यात शाळा बंद असताना ऑनलाइन तास सुरू झाले. पोरांची नावे वर्तमानपत्रांतून देशभर गेली. मात्र त्या बातमीतील एका शब्दाकडे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही. तो शब्द ‘विषयमित्र’. सगळ्यांच्या घरी फोन नव्हते. तेव्हा ज्यांनी तास ऐकला त्यांनी तो न ऐकलेल्यांना शिकवायचा, अशी तेथे व्यवस्था होती. म्हणजे शहरातून गावापर्यंतचे पंचवीस किलोमीटर यंत्राने तोडले, आणि ओट्यापासून ओट्यापर्यंतचे पंचवीस हात एका पोराने दुसऱ्यासाठी तोडले.

हे दुसरे अंतर ज्या योजनेने विचारात घेतले ती तगली, ज्या योजनेने घेतले नाही तिचा पाठ उंबरठ्यापर्यंत येऊन थांबला, असे ही सर्व टिपणे वाचून माझे मत झाले आहे. सोलापूरच्या नीलमनगरात, जेथे विडी आणि यंत्रमागाच्या कामगारांची वस्ती आहे, तेथील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले, आणि पोरे गल्लीतून फिरत शिकली. याला कोणी ऑनलाइन म्हणणार नाही. पण ऑनलाइनने जे सोडून दिले होते ते त्या भिंतींनी उचलले. अजिंठ्याच्या डोंगररांगेतील एका शिक्षकाने आपल्या टिपणात लिहिले आहे की, रेंज फक्त खंडोबाच्या टेकडीवर येत असल्याने तो सोमवारी वर चढून आठवड्याचे व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घेई आणि खाली पारावर पाच-पाच मुलांना दाखवी. मात्र तिसऱ्या आठवड्यापासून व्हिडिओ बंद करून तो स्वतःच सांगू लागला, ‘कारण व्हिडिओतल्या बाई थांबत नव्हत्या.’ थांबणे ही अध्यापनातील केवढी मोठी कला आहे, हे एवढ्या थोड्या शब्दांत सांगितलेले मी अन्यत्र वाचलेले नाही.

शाळा उघडल्यावर हिशेब समोर आलाच. तिसरीतील मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण देशाच्या ग्रामीण भागात २०१८ साली २७.३ टक्के होते, ते २०२२ साली २०.५ टक्क्यांवर आले. दिवाळीनंतर बैलगाडीतून किंवा ट्रकमधून ऊसतोडीला गेलेल्या बीडकडच्या मुलांचे वेगळे आकडे कोणी काढले तर ते काय निघतील, याची कल्पना त्या जिल्ह्यातील टिपणांवरून वाचकाने करावी.

यंत्र मात्र शाळा उघडल्यावर परत गेले नाही, आणि जाणारही नाही. शहरातील अभ्यासिकांत आज डोकावून पाहा: स्पर्धा परीक्षेची मुले-मुली कानात तारा घालून, समोरच्या शिक्षकाचा वेग दीडपट करून बसलेली दिसतात. एका खोलीत चाळीस जण आणि चाळीस गुरू. खाजगी कंपन्यांनी या बाजारात काय विकले आणि कोणत्या हप्त्यांनी विकले, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. मला येथे दुसरेच काही सांगायचे आहे. माझ्या पुतणीचा मुलगा अकरावीला आहे. सिल्लोडला मराठी शाळेत दहावी झाला. परवा तो पदार्थविज्ञानाचे एक उदाहरण सोडवीत असता स्वतःशी काही पुटपुटत होता. मी कान दिला. तो म्हणत होता, ‘मान लो, एक ब्लॉक है…’

तो ज्या गुरूकडून शिकला तो यूट्यूबवर हिंदीत शिकवतो, आणि उत्तम शिकवतो. त्याचे वर्ग फुकट आहेत, लाखो मुले ते पाहतात, त्यांत आमच्या मराठवाड्याची किती असतील कोण जाणे. माझे वडील ‘फर्ज करो’ म्हणत, कारण निजामाचे तसे फर्मान होते. या मुलाला कोणाचे फर्मान नाही; त्याच्या इयत्तेचे तितके गोड आणि तितके विपुल असे मराठीत त्याला सापडले नाही, एवढेच. मधल्या एका पिढीपुरता, म्हणजे माझ्यापुरता, ‘समजा’ हा शब्द टिकला. बालभारतीने आणि काही तळमळीच्या शिक्षकांनी मराठी पाठांचा जो साठा केला आहे तो दहावीपर्यंत पुरतो, पुढे मात्र वाट हिंदी-इंग्रजीच्या रानातून जाते; आणि एका देशी भाषेत सर्व शास्त्रे उतरविण्यासाठी सरकारने एकेकाळी भाषांतराचे सबंध खाते उघडले होते, त्याचे सूत्र ज्याच्या हाती होते तो माणूस याच शहरात राहून गेला, याची आठवण आमच्या विद्वत्सभांना असू नये याचे मला वैषम्य वाटते.

टिपणांविषयी थोडे. यातील भाषा सर्वत्र सारखी नाही, काही लेखकांनी आयुष्यात प्रथमच परिपत्रकाला उत्तर देण्याखेरीज काही लिहिले आहे. ती मी मुद्दाम सुधारलेली नाही. काहींनी यंत्राची स्तुती केली आहे, एकाने ते विहिरीत टाकावे असे सुचवले आहे. दोघांनाही जागा दिली आहे. मुलांची नावे सर्वत्र गाळली आहेत.

त्या शिफ्टच्या वहीतील दोन पाने या संग्रहात छापावीत असे माझ्या मनात होते, आणि मुलीच्या आईने आनंदाने परवानगीही दिली. छायाचित्र काढून झाल्यावर वही काही दिवस माझ्याच टेबलावर राहिली. एका सकाळी मुलगी स्वतः येऊन उभी राहिली आणि जरा संकोचून म्हणाली, ‘आजोबा, झालं असेल तर वही द्या ना.’ मला वाटले तिला ती जपून ठेवायची असेल. मी तसे म्हणालो. तिने मान हलवली. ‘ब’ लिहिलेली पाने कोरीच होती, आणि तिचा धाकटा भाऊ त्या जूनमध्ये पहिलीत गेला होता.